ऐरोलीची रोहित सफर: वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत निघणारी बोट सफर बहुतेक लोक रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी करतात, आणि हंगामात, म्हणजे हिवाळ्यापासून मेपर्यंत, त्यांचे मोठे थवे खाडीत असतातही. माझ्या मते मात्र या सफरीचे खरे मोल त्या पक्ष्यांना पोसणारी खाडी जवळून पाहता येण्यात आहे.

बोट काठाजवळून जाताना चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळे अवश्य पाहावीत. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे झाड त्या मुळांवाटे हवा घेते. शिवाय तीच मुळे भरतीच्या पाण्याचा वेग मोडतात, त्यामुळे गाळ खाली बसतो आणि नव्या रोपांना आधार मिळतो. गळलेली पाने खेकडे कुरतडतात, जिवाणू आणि बुरशी ती कुजवतात, आणि त्यांतली पोषकद्रव्ये ओहोटीबरोबर खाडीत पसरतात. उघड्या पडलेल्या चिखलावर उन्हात वाढणारे सूक्ष्म शैवाल या पोषणावर वाढते. शहरांच्या सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरदही त्यात भर घालतात, हे सुखद नसले तरी खरे आहे. छोटा रोहित, म्हणजे रोहितांची लहान चणीची जात, हेच शैवाल चोचीतून गाळून खातो.

बोटीला पुरेसे पाणी लागते आणि पक्ष्यांना उघडा चिखल, म्हणून सफरीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात. निवड करता आली, तर भरती उतरू लागल्यानंतरची फेरी घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी जितके वर चढते तितकेच खाली जाते आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत भरती-ओहोटीतला हा फरक बराच कमी असतो. दुर्बीण जवळ असावीच.

२०१५ मध्ये अभयारण्य घोषित झालेली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली ही जागा एकटी पुरेशी नाही, हे बोटीतून कळत नाही. भरतीने चिखल झाकला की रोहित नवी मुंबईत नेरूळजवळच्या टी. एस. चाणक्य आणि डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागी विसाव्याला जातात, आणि त्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. ज्यांना सफर आवडेल त्यांनी एखाद्या मोठ्या भरतीच्या वेळी नेरूळला जाऊन तेही जरूर पाहावे.