ट्रॅकवरची रेस की चोवीस तासांची राईड? इंदूरच्या रायडरसाठी तुलना

इंदूरच्या मराठी घरात पहिली लांबची राईड बहुतेक ठरलेलीच असते. एबी रोडने मानपूर, खलघाट, सेंधवा, धुळे करत नाशिक नाहीतर पुणे, मुक्काम मावशीकडे. त्यानंतर पुढे काय, रेसिंग की लांब पल्ला, असं कुणी विचारलं तर मी ट्रॅक म्हणतो. ट्रॅक इथून लांब आहेत, तरीही.

लांब म्हणजे किती? चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे दोन्ही हजार किलोमीटरच्या बऱ्याच पलीकडे. त्यातल्या त्यात जवळ ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०२३ मध्ये मोटोजीपी ही जागतिक बाईक रेस झाली. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे खरा, पण तो वाहनांच्या चाचणीसाठी. रविवारी आपली बाईक घेऊन जावं अशी ती जागा नव्हे. म्हणजे रेसिंग करायचं तर रेल्वेचं तिकीट, रजा आणि घरच्यांची समजूत, तिन्ही लागणार. शिवाय एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन्स आणि अंगावर लेदर सूट.

दिलासा एवढाच की टीव्हीएससारख्या वन मेक स्पर्धेत गाड्या कंपनीच्याच असतात आणि सगळ्यांना सारख्याच मिळतात. आपल्या बाईकची तिथे गरज नाही. नवख्यांची रेस म्हणजे मोजक्या लॅप्स, पण तेवढ्यात घामाघूम व्हायला होतं. ब्रेक नेमका कुठे लावायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, हे तिथे एका दिवसात जितकं कळतं तितकं हायवेवर वर्षानुवर्षं कळत नाही. आणि पडलात तर समोरून ट्रक येत नसतो. वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडा घेतलेला मार्शल असतो, डॉक्टर असतो.

लांब पल्ल्याचं आकर्षण मला समजतं. गाडी आपली, सुरुवात घराच्या फाटकातून, कुणाला हरवायचं नाही. अमेरिकेच्या आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडरांच्या संघटनेची सॅडलसोर राईड सगळ्यांना माहीत असते: २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर. पेट्रोलची बिलं आणि नोंदी पाठवल्या, त्या तपासून झाल्या की प्रमाणपत्र.

आता हिशेब करा. चार पदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. काटा ८० वरून जराही न हलवता गेलात तरी २० तास गाडीवरच जातात. उरलेल्या चारांत पेट्रोल, जेवण, लघवी, टोलनाक्याजवळची गर्दी आणि झोप. आणि काटा ८० वर राहतो कुठे? बिजासन घाटात ट्रकच्या मागे रांगत जावं लागतं, गावागावात गतिरोधक, रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या. चालता वेग सरासरी ७० पडला तर थांबायला जेमतेम तास उरतो. कायदा पाळून हे गणित आपल्याकडे जवळजवळ सुटतच नाही. रतलामकडून जाणारा दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे सरळसोट आहे, पण त्यावर दुचाकीला बंदी.

झोपेचं तर विचारूच नका. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळा लागतो आणि लागल्याचं कळत नाही. फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या बाईक रेसमध्येसुद्धा एका गाडीवर तीन रायडर असतात आणि तासाभराने पाळी बदलते. पोटासाठी रेस करणारी माणसं ज्या गोष्टीला तिघं लागतात म्हणतात, ती आपण एकट्याने, तीही गाईगुरांच्या रस्त्यावर करायची?

तरीही ओढ लांबच्या रस्त्याचीच असेल तर घड्याळ बाजूला ठेवा. इंदूर-पुणे साधारण सहाशे किलोमीटर. धुळ्याला मुक्काम करून दोन दिवसांत करा आणि अंधार पडायच्या आत थांबा. थांबे धरून आपला सरासरी वेग खरोखर किती पडतो, ते एकदा लिहून बघा. सॅडलसोरला थांबे धरून ६७ लागतो.

गाडीची विमा पॉलिसीही आधी काढून वाचा. वापराच्या मर्यादांमध्ये संघटित रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडी किती भरवशाची, याची चाचणी) हे शब्दही तिथेच असतात. प्रमाणपत्रासाठी केलेली राईड त्यात धरतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या. ट्रॅकवर स्वतःची बाईक नेणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही: तिचं नुकसान तुमच्याच खिशातून.