'गर्ल्स लाइक यू': रॅपसह की रॅपविना?
रत्नागिरीच्या महाविद्यालयातील स्नेहसंमेलनासाठी मरून ५ या अमेरिकी बँडचे हे गाणे २०१७ च्या 'रेड पिल ब्लूज' अल्बममधले घ्यावे की ३० मे २०१८ रोजी रॅपर कार्डी बीसह आलेले, असे भाचीने विचारले. लांबीतला फरक किरकोळ आहे. मेहनतीत मात्र अंतर मोठे: मूळ रूप गिटार आणि एका गळ्यावर निभावते, तर रॅपच्या कडव्यात श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवावे लागते, आणि उघड्या मैदानावरच्या खाऱ्या वाऱ्यात माइक जरा दूर गेला की निम्मी अक्षरे गळतात. बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत ७ आठवडे अव्वल राहिले ते रॅपचेच रूप, त्यामुळे श्रोते त्याचीच वाट पाहतील. जलद उच्चारांचा सराव असलेली जोडीदारीण मिळाल्यास तेच घ्यावे. एकटीने गायचे असेल, तर अल्बममधले बरे.