‘घर’ वाचतो, ‘धर’ वाचत नाही

माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याच्यासाठी घरबसल्या वाचायला शिकवणारा एक कोर्स घेतला. दोनशे कार्डं, रोज दाखवायचे व्हिडिओ आणि एक अ‍ॅप. नव्वद दिवसांत मूल अस्खलित वाचेल, असं छापील वचन. विकणाऱ्या बाई फोनवर पाऊण तास बोलल्या आणि फिरून फिरून एकाच गोष्टीवर आल्या: सहा वर्षांनंतर मेंदूची वाचनाची खिडकी बंद होते, मग मूल कायमचं मागे पडतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून वर्षभराचे पैसे एकदम भरले.

ती खिडकीची गोष्ट धादांत खोटी आहे. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात आणि तिथे वाचायला शिकतात. साक्षरता वर्गात तर आजी-आजोबासुद्धा अक्षरं गिरवून वाचू लागतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही.

पहिले दोन महिने आम्ही हरखून गेलो होतो. कार्ड दाखवलं की हा धडाधड शब्द सांगायचा. घर, मगर, गवत, विमान. कंपनीने त्याचा व्हिडिओ मागितला, मी आनंदाने पाठवला.

माझ्या नणंदबाई पहिलीच्या वर्गाला शिकवतात. त्या आल्या, त्यांनी कौतुकाने सगळं पाहिलं, मग पाटी घेऊन तिच्यावर खडूने ‘घर’ लिहिलं. हा गप्प. ‘नगर’ लिहिलं, तर म्हणाला ‘मगर’. ‘धर’ लिहिलं, तर पाटीकडे न बघता ताईंच्या तोंडाकडे बघत राहिला. ‘घर’चं कार्ड निळ्या काठाचं होतं आणि त्याचा एक कोपरा दुमडलेला होता. त्याने तो काठ आणि तो कोपरा पाठ केला होता. ताई हळूच म्हणाल्या, “वहिनी, याला वाचता येत नाहीये. याला कार्डं ओळखता येतायत.”

एवढी साधी परीक्षा मला दोन महिन्यांत सुचली नव्हती. कंपनीच्या सगळ्या चाचण्या त्याच कार्डांवर, त्याच रंगांत, त्याच क्रमाने असत. त्यात मूल नापास होणार तरी कसं?

नंतर शोधलं तेव्हा कळलं, हा धंदा जुना आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला वाचता येईल असा दावा करणाऱ्या एका अमेरिकी उत्पादनावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१२ साली खोट्या जाहिरातीची कारवाई केली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११७ बाळांवर अशाच प्रकारचं साहित्य सात महिने तपासलं गेलं. बाळांच्या वाचनात फरक पडला नाही. आपलं बाळ शिकतंय असं आईवडिलांना मात्र वाटत होतं. ते वाचताना मला माझीच हकीकत वाचल्यासारखं झालं.

पैसे परत मागितले. ‘तीस दिवसांत परत’ ही मुदत पैसे भरल्याच्या तारखेपासून धरलेली होती, आणि खोका घरी यायलाच तीन आठवडे लागले होते. शिवाय रोजची नोंद अ‍ॅपमध्ये एकही दिवस न चुकता हवी. आमचे आजारपणाचे चार दिवस चुकले होते. वर पुढच्या टप्प्याची रक्कम आपोआप कापली गेली, कारण संमतीची खूण आधीपासून केलेली होती आणि ती मी काढली नव्हती. बँकेला कळवून ती कपात थांबवली. आधी भरलेले पैसे गेलेच.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मुलाचं झालं. त्याला अंदाज बांधायची सवय लागली होती. पहिलं अक्षर बघायचं, चित्र बघायचं आणि ठोकून द्यायचं. ती मोडायला सहा महिने लागले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही आवाजापासून सुरुवात केली. ‘मगर’मधला पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, टाळ्या वाजवत तुकडे पाडायचे. मग म, ग, र, न एवढीच चार अक्षरं. त्यांतून मन, नग, नगर, मगर. चित्र नाही, रंग नाही. घ-ध आणि भ-म ही सारखी दिसणारी अक्षरं एकदम द्यायची नाहीत, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे. काना लवकर जमला. पहिल्या वेलांटीने मात्र दमवलं, कारण ती लिहायची अक्षराआधी आणि तिचा आवाज येतो अक्षरानंतर. रोज दहा-पंधरा मिनिटं, आणि रात्री मी त्याला गोष्ट वाचून दाखवायची, ओळीखाली बोट फिरवत. तेव्हा त्याची परीक्षा घ्यायची नाही.

तुम्ही असं काही घेतलं असेल, तर आज एक कोरा कागद घ्या. मुलाने ‘वाचलेल्या’ शब्दांतलीच अक्षरं उलटसुलट करून नवा शब्द लिहा, अर्थ नसलेला असला तरी चालेल. घेणार असाल, तर त्यांच्या माणसासमोर हीच मागणी करा आणि तो काय सबब सांगतो ते ऐका.

माझ्या मुलाचा व्हिडिओ त्यांनी जाहिरातीत वापरला. चार पत्रं पाठवल्यावर काढला. तोवर तो सात महिने दिसत होता. निळ्या काठाचं कार्ड, आणि आनंदाने ओरडून ‘घर’ म्हणणारं माझं मूल. ते पाहून ज्यांनी पैसे भरले, त्यांच्यापर्यंत हे पोहोचावं.