चार पिस्टनचे ब्रेक, मोठा रोटर आणि ट्यूबलेस: सह्याद्रीच्या उतारांवर दहा महिने

मागच्या जूनमध्ये आम्हा चौघांच्या चार हार्डटेल (फक्त पुढेच सस्पेन्शन असलेल्या) सायकलींवर एकदमच तीन बदल केले. दोन पिस्टनचे (पिस्टन म्हणजे ब्रेक पॅड दाबणारे दट्टे) ब्रेक काढून चार पिस्टनचे बसवले, १६० मिलिमीटरच्या रोटरऐवजी (पॅड जिला पकडतात ती चाकावरची चकती) मोठे रोटर घातले आणि ट्यूब काढून २९ × २.४ चे (इंचांत व्यास आणि रुंदी) टायर ट्यूबलेस केले. फोर्क (पुढचं सस्पेन्शन) १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचे, म्हणजे तेवढे दबणारे, तेच ठेवले. एक पूर्ण पावसाळा, हिवाळा आणि आता उन्हाळ्याची सुरुवात एवढा वापर झाला आहे. रस्ते म्हणजे पुण्याभोवतीच्या टेकड्या, डोंगराच्या सोंडांवरून उतरणाऱ्या पायवाटा आणि अधूनमधून पाचगणी ते वाई असा लांबलचक घाट.

मत आधीच सांगून टाकतो. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर उतारावर जाणार असाल तर पहिला पैसा पुढच्या ब्रेकवर घाला, दुसरा टायरवर. जास्त ट्रॅव्हलचा फोर्क, हलकं हँडल वगैरे नंतर बघता येईल. आणि जमलं तर सगळ्यांनी मिळून एकाच जातीचे ब्रेक घ्या. याचा उपयोग इतका होतो की त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

ब्रेकवर नेमका किती भार येतो

स्वार ७५ किलोचा आणि सायकल १५ किलोची धरा. ९० किलो वजन ३०० मीटर खाली आणायचं म्हणजे साधारण २६५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवायची. खोलीतल्या तापमानाचं पाऊण लिटर पाणी खळखळून उकळायला यापेक्षा कमी उष्णता लागते. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. पण आपल्याकडच्या उभ्या, वळणांच्या पायवाटेवर वेग कमीच असतो, त्यामुळे हवेचा हातभार थोडा आणि बहुतेक सगळं रोटरवर येतं. १६० चा रोटर आणि छोटे रेझिन पॅड (राळेत बांधलेले मऊ पॅड; मेटल पॅड धातूच्या भुकटीचे, कडक) असतील तर निम्म्या उतारातच लिव्हर दाबायला तिसरं बोट लागतं. पुढे जळका वास येतो आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मग कितीही जोर लावला तरी पकड येत नाही.

रोटर १६० वरून १८० केला की त्याच दाबाला ब्रेकची ताकद साडेबारा टक्क्यांनी वाढते, २०३ केला की सुमारे २७ टक्क्यांनी. खर्च मात्र फक्त रोटर आणि अडॅप्टरचा. म्हणून चार पिस्टनचे ब्रेक आत्ता परवडत नसतील तर जुन्याच ब्रेकवर पुढे मोठा रोटर टाका. त्याआधी फोर्कची मर्यादा तपासा. स्वस्त फोर्कना बरेचदा १८० हीच मर्यादा असते आणि ती ओलांडली तर फोर्कच्या खालच्या पायावर नको तो ताण येतो. आमच्या चारांपैकी दोन सायकली पुढे २०३, मागे १८० आहेत. उरलेल्या दोन दोन्हीकडे १८० वर आहेत, कारण फोर्क त्यापुढे जाऊ देत नाही. फरक जाणवतो तो ८५ किलोच्या वरच्या स्वाराला. हलक्या स्वाराला १८० आरामात पुरतो.

एक बारीक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर भराभर झिजतो. रोटर घेतानाच हे वाचून घ्या.

रेझिन की मेटल

कोरड्या दिवसांत रेझिन छान. आवाज नाही, पहिल्या स्पर्शालाच पकड. पावसाळ्यात मात्र तांबडा चिखल पॅड आणि रोटरच्या मध्ये जाऊन पॉलिश पेपरसारखा घासतो. जुलैमधल्या दोन ओल्या शनिवार-रविवारांत नवे रेझिन पॅड निम्म्याच्या खाली आले. मेटल पॅडवर तोच पावसाळा दोन जोड्यांत निघाला. मेटल ओला झाला की किंचाळतो आणि सकाळी पहिल्या दोन-तीन दाबांना थंड लागतो, हे स्वीकारावं लागतं. आम्ही आता जून ते ऑक्टोबर दोन्हीकडे मेटल, आणि नंतर मागे मेटल, पुढे रेझिन असं ठेवतो.

शिमानो कंपनीच्या पॅडवर घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा. रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ ला बाद, तो आकडा रोटरवरच लिहिलेला असतो. साधा व्हर्नियर कॅलिपर रोटरच्या कडेला लावू नका, कडेला झीज नसते. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर मोजा.

नवे पॅड घातल्यावर थेट उतारावर जाऊ नका. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत एकसारखा दाब देऊन कमी करा, चाक लॉक न करता. पुढचा-मागचा वेगवेगळा, प्रत्येकी वीस वेळा. मग थोड्या जास्त वेगाने आणखी दहा वेळा. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसला की पकड एकदम बदलते, हाताला कळते. हे टाळलं की ब्रेक महिनाभर आवाज करत राहतो आणि दोष ब्रेकला दिला जातो.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त तक्रार येते ती लिव्हर स्पंजसारखा लागतो ही. यातल्या बऱ्याच वेळा कारण एकच असतं: सायकल उलटी उभी करून पंक्चर काढलं, किंवा पिकअपमध्ये आडवी टाकून आणली. लिव्हरच्या टाकीतली हवा अशाने होजमध्ये (ब्रेकच्या तेलाच्या नळीत) शिरते. सायकल सरळ उभी करा, लिव्हर वीस-तीस वेळा हळू दाबा, मग जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर हँडलला बांधून रात्रभर ठेवा. बहुतेकदा सकाळी ब्रेक ठीक असतो. नसेल तर ब्लीड करावं, म्हणजे तेलातली हवा काढावी लागेल.

दुसरा बिघाड प्रवासातला. चाक काढून सायकल गाडीत ठेवली आणि वाटेत कोणाचा तरी हात लिव्हरवर पडला, की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. पायथ्याशी पोहोचल्यावर रोटर आत जात नाही. चाक काढलं की लगेच पॅडच्या फटीत चार घड्या घातलेला पुठ्ठा सरकवून ठेवायचा, बस. तरीही चिकटलेच तर टायर काढायची प्लास्टिकची पट्टी मध्ये घालून हळू पसरवा, जुन्या पॅडवरून. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन ढकलू नका, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि त्यांचा टवका उडतो.

तिसरा, चारपैकी एखादा पिस्टन सुस्त होणं. पावसाळ्याच्या शेवटी हे हमखास होतं. एका बाजूचे पॅड तिरके झिजलेले दिसले की समजा. पॅड काढा, लिव्हर अगदी थोडा दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर काढा, पूर्ण बाहेर पडू देऊ नका. कापसाच्या काडीला ब्रेकचंच मिनरल ऑईल लावून पिस्टनची कड फिरवून पुसा. काळा चिखल निघेल. पिस्टन आत ढकला, पुन्हा थोडा बाहेर काढा, असं चार-पाच वेळा. नंतर सगळं पुसून, कॅलिपर (पिस्टन आणि पॅड असलेला ब्रेकचा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडा करून पॅड परत. गंज काढायचे स्प्रे इथे चालत नाहीत. चेनवर स्प्रे मारतानाही रोटर कापडाने झाका. तेलाचा एक शिंतोडा पॅडमध्ये मुरला की तो पॅड गेला. घासून, भाजून वाचवायचे सगळे उपाय करून पाहिले, दोन उतारांनंतर ब्रेक पुन्हा घसरतो.

ब्लीड घरी होतं, तासाभराचं काम आहे. चाक आणि पॅड बाहेर काढा, कॅलिपरमध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन बाहेर येऊ न देणारा ठोकळा) घाला, लिव्हर जमिनीला समांतर करा. शिमानोच्या बहुतेक लिव्हरवर वरचा स्क्रू २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीने निघतो, तिथे फनेल लावा. कॅलिपरच्या निपलला सिरिंजची नळी जोडून निपल आठवा हिस्सा फिरवा आणि तेल खालून वर सावकाश ढकला. फनेलमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत. निपल बंद करून होजवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारा, लिव्हर दाबत राहा. हवेचे बारीक बुडबुडे वर येतात, ते पाहताना घाई सुटते. मग हँडल ३० अंश पुढे, ३० अंश मागे झुकवून पुन्हा तेच. तेल मात्र एकच: मिनरल ऑईलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड किंवा उलट केलं तर सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. गावातल्या मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये मिळतं ते डॉट असतं, तिथे भोळेपणाने भरून घेऊ नका.

आता एकाच जातीच्या ब्रेकबद्दल. चौघांचे ब्रेक सारखे असले की चौघांच्या बॅगा मिळून पॅडच्या दोन जोड्या, एक छोटी बाटली तेल आणि एक फनेल पुरतं. आमच्याकडे डी०३एस रेझिन आणि डी०२एस मेटल असे दोनच पॅड आहेत. चार वेगळ्या जातींचे ब्रेक असतील तर डोंगरात कोणाचेच पॅड कोणाला उपयोगी पडत नाहीत आणि एकाचा ब्रेक गेला की चौघांचा दिवस चालत उतरण्यात जातो. गिअर हँगरचं (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) मात्र असं जमत नाही. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि दगडावर आपटला की मुद्दाम तोच आधी मोडावा अशी त्याची रचना असते. ज्याची फ्रेम त्याने आपला हँगर बाळगायचा.

ट्यूबलेस

बाभळीच्या देशात ट्यूब घालून डोंगरात जाणं म्हणजे दिवसाला दोन पंक्चर. या बाबतीत ट्यूबलेसने निराश केलं नाही. बसवताना टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्या, रिम अल्कोहोलने पुसून ताणून दोन फेरे द्या. सीलंट (टायरमध्ये ओतायचा, भोकं आपोआप बुजवणारा द्रव) २९ × २.४ ला प्रत्येकी १०० मिलिलिटर. बाटलीवरचा काळ आपल्याकडच्या उन्हाळ्याला लागू होत नाही: मार्च ते मे दर सहा आठवड्यांनी, एरवी अडीच-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर काढून ५० मिलिलिटर भर घालतो. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर आत रबराचा वाळलेला गोळा आहे.

प्रेस्टा व्हॉल्व्हचा (आपल्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह) पितळी अडॅप्टर प्रत्येकाच्या बॅगेत हवाच. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर टायर रिमवर एका दमात बसवतो, पण त्याची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हची असते.

हवा ७२ किलोच्या स्वाराला पुढे २२, मागे २५ पीएसआय. ९० किलोला २४ आणि २८. पंपावरचे काटे दोन-तीन पीएसआयने सहज चुकतात, म्हणून एकच डिजिटल गेज सगळ्यांसाठी ठेवलं आहे. सकाळी भरलेली हवा दुपारी तापमान १५ अंशांनी वाढलं की दीड-दोन पीएसआयने चढते. मुरमाच्या सुट्या खड्यांवर तेवढ्याने पकड बदलते, दुपारच्या उतारापूर्वी पुन्हा मोजा.

सीलंट काट्यापुढे जिंकतं, बेसॉल्टच्या धारेपुढे नाही. टायरची बाजू कापली गेली की प्लग (भोकात खुपसायची रबराची पट्टी) टिकत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. आणि ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी अगदी सावकाश चाचपा. महिन्यांमागचे दहा-बारा काटे सीलंटने जागच्या जागी झाकून ठेवलेले असतात. बाहेरून मोडलेले, आतून सुईसारखे. ते पक्कडीने एकेक काढल्याशिवाय ट्यूब घातली तर पन्नास मीटरही जात नाही. मागच्या चाकाला जाड बाजूचा टायर घेतला तेव्हापासून कापला गेलेला नाही, वजन वाढलं ते कबूल.

शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठलाच टायर धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये असा टप्पा आला की उतरून चालायचं, पुढच्याने ओरडून मागच्याला सांगायचं. एरवीही दोघांत निदान तीस मीटर अंतर हवं, धूळ असेल तर पन्नास. सकाळी नऊपर्यंत शहरालगतच्या टेकड्यांवर फिरायला आलेली माणसं असतात. तिथे वेग काढू नये, वाट त्यांची आधी. भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक आत घालू नका. कासच्या फुलांच्या पठारावर तर अजिबात नको.

या घडीला पुढचे दोन्ही २०३ चे रोटर १.६५ वर आहेत, मागचे १.६ वर. म्हणजे मागचे पुढच्या पावसाळ्यात मध्येच बाद होतील, म्हणून मे महिन्यातच मागवून ठेवतो आहोत. एका सायकलच्या मागच्या लिव्हरचा पल्ला लांबला आहे, त्याचं ब्लीड या आठवड्यात. सीलंटची भर १५ एप्रिलला.