‘इटलीचा’ फॅन बेल्ट

जुनी फियाट घेऊन गॅरेजात गेलात आणि समोरच्याने सुरुवातच ‘साहेब, ह्याचा पार्ट आता मिळत नाही’ अशी केली, तर खिसा सांभाळा. माझे पंचवीस हजारांच्या वर गेले ते या एका वाक्यावर.

गाडी बाबांची, फियाट अकराशे डी. रेडिएटरचा खालचा होज पाइप (पाण्याची रबरी नळी) फॅन बेल्टला घासायचा, एवढंच दुखणं. सायनला सिग्नलवर होज कापला गेला, सगळं पाणी रस्त्यावर. टो करून उपनगरातल्या एका गॅरेजात नेली. बाहेर ‘विंटेज स्पेशालिस्ट’ अशी पाटी, मालक जिभेवर साखर ठेवून बोलणारा. बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि निदान तयार: डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) पुली, म्हणजे बेल्टचं चाक, आउट आहे, डायनॅमो काढून अल्टरनेटर, म्हणजे त्याचा नवा अवतार, टाकू, बेल्ट इटलीहून मागवू, होज नवा. बिल साध्या कागदावर, पेनाने. नुसत्या बेल्टचे ४,८०० रुपये. डायनॅमो परत मागितला तर म्हणे भंगारात गेला.

गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत बेल्ट ओरडायला लागला. बॉनेटच्या आतल्या बाजूला काळी भुकटी उडालेली. होज पुन्हा बेल्टच्या जवळ येऊ नये म्हणून पठ्ठ्याने तो तारेने मागे खेचून बांधला होता! सरळ होजचा तुकडा तसा ओढून वाकवला की वळणावर चिमटतो. खालचा होज पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, ओढीने चेपू शकतो, म्हणून तर बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच्या आत स्प्रिंग घालतात. इथे स्प्रिंगचा पत्ता नाही. गाडी तापणार नाही तर काय?

लालबागला एक काका आहेत. उभा जन्म काळीपिवळी टॅक्सी दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी आधी बेल्ट काढून हातात घेतला. पाठीवरची छपाई कुणीतरी घासून पुसली होती, पण पुसणाऱ्याचा हात अर्ध्यात थांबला असावा. इंग्रजी ‘मेड इन’च्या पुढे ‘आय’ आणि ‘एन’ ही अक्षरं तिरप्या उजेडात स्पष्ट वाचता येत होती. इटलीचं दुसरं अक्षर ‘टी’ आहे, एवढं शाळेत शिकवलंय आम्हाला. असा व्ही-बेल्ट (आडवा छेद इंग्रजी ‘व्ही’सारखा) मापाने मिळतो, जुना नेऊन दाखवला की बेल्टचा कुठलाही दुकानदार जुळवून देतो.

मग काकांनी पुल्यांवर स्टीलची पट्टी आडवी धरली. अल्टरनेटरची पुली बाकीच्यांच्या पुढे आलेली, त्यामुळे बेल्टची एकच कड खाल्ली जात होती. पुलीच्या खाचेचा तळही चकचकीत. व्ही-बेल्टने दोन्ही कडांवर पकड घ्यायची असते, तळाला टेकला की तो घसरतो.

आणि खरा रोग? काकांनी सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, लाकडी फळी ठेवली, तिच्यावर जॅक लावला आणि इंजिन अगदी थोडं उचललं. होज आणि बेल्टमध्ये डोळ्यांदेखत बोटभर फट पडली.

‘‘तुझं फाउंडेशन बसलंय रे. रबर बघ, भाकरी झालीय त्याची. इंजिन एका अंगाला कललं, दुसरं काही नाही.’’

‘‘म्हणजे डायनॅमोला काहीच झालं नव्हतं, काका?’’

‘‘डायनॅमो कशाला हलतोय जागचा!’’

फाउंडेशन रबरची, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं त्या रबरांची, जोडी काही शेकड्यांत आली. त्यांनी आणखी एक बजावलं: फट बंद इंजिनावर मोजून भागत नाही. एकाने एक्सिलरेटर मारायचा, दुसऱ्याने हात लांब ठेवून बघायचं, कारण रेस दिली की इंजिन झोका घेतं आणि तेव्हाच होज चाटला जातो. बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून बघायचा, साधारण एक सेंटीमीटर दबला की पुरे.

टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाड्यांचे भाव अख्ख्या मुंबईला पाठ होते; असली थाप कुणी मारलीच नसती. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची काळीपिवळी पद्मिनी (याच फियाटचं पुढचं नाव) रस्त्यावरून उतरली आणि भाव माहीत असलेले लोक पांगले. या भामट्यांचं फावलं ते तिथे. खाजगी गाड्यांचे हौशी मालक उरले, आणि ‘मिळत नाही’ म्हटलं की आपण लगेच विश्वास ठेवतो.

बिल मागूनही देत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असले की फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. तक्रारीनंतर मालकाचा सूर उतरला, अर्धे पैसे देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. मला आधी डायनॅमो हवाय. आता तो म्हणतो, भंगारवाल्याला शोधतोय.

डायनॅमो भंगारात गेलाय यावर काकांचाही विश्वास नाही. चालू ओरिजिनल डायनॅमोला हौशी लोक चांगले पैसे मोजतात. तेव्हा कुणाला ‘फियाटचा ओरिजिनल डायनॅमो’ विकत देऊ केला, तर त्याचं मागचं झाकण तपासा. तिथे एक स्क्रू पितळेचा असेल, बाबांनी बसवलेला, तर तो माझा आहे.