मुलांच्या ल्युकेमियातील मर्कॅप्टोप्युरीन : ५० मिलिग्रॅमची गोळी आणि नवे पातळ औषध

आमच्या मुलाच्या एएलएलच्या, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या, मेंटेनन्स उपचारात (आजार ओसरल्यावर तो उलटू नये म्हणून चालणाऱ्या उपचारात) रोज द्यावे लागणारे औषध म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन. वॉर्डात सगळे त्याला ‘सिक्स-एमपी’ म्हणतात. औषध म्हणून ते अत्यंत मोलाचे आहे. त्याची ५० मिलिग्रॅमची गोळी मात्र लहान मुलांसाठी गैरसोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून १९५१च्या सुमारास हे रसायन तयार झाले आणि १९५३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या आजारात मुले निदानानंतर काही महिन्यांतच दगावत, त्यात या औषधाने उतार पडू लागला. हा उतार टिकाऊ करायला मात्र पुढे इतर औषधांची जोड द्यावी लागली. डीएनए घडवण्यासाठी पेशीला जे प्युरीन लागते त्याच्यासारखीच या रेणूची रचना असल्याने वेगाने वाढणारी पेशी त्याला आत घेते, त्यापासून बनलेले घटक डीएनएत शिरतात आणि पेशीची वाढ थांबते. मेंटेनन्समध्ये हे औषध रोज आणि मेथोट्रेक्सेट हे दुसरे कर्करोगविरोधी औषध आठवड्यातून एकदा द्यायचे असते, आणि हा क्रम बराच काळ, अनेकदा दीड-दोन वर्षे, चालतो.

खरी अडचण मात्रेची आहे. मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून काढतात. समजा, मुलाला रोज ३५ मिलिग्रॅम हवे आहे. गोळीने ते साधायचे तर आठवड्यात तीन दिवस अख्खी आणि चार दिवस अर्धी गोळी द्यावी लागते. कोणता दिवस कोणता, हे लिहून ठेवल्याशिवाय लक्षात राहणे कठीण. शिवाय हे पेशीनाशक औषध असल्याने गोळी घरी कुटू नये, तिची भुकटी श्वासात जाऊ नये, आणि गरोदर स्त्रीने तर ती हाताळूच नये. गोळी गिळता न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या आईने मग काय करावे?

म्हणूनच नवी मुंबईतील टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्स या औषध कंपनीच्या साहाय्याने तयार केलेले ‘प्रीव्हॉल’ हे पातळ औषध २०२५मध्ये जाहीर झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे वरच्या उदाहरणातील मुलाला रोज साडेतीन मिलिलिटर, तेही सोबतच्या सिरिंजने मोजून. युरोपात असे पातळ औषध २०१२पासून आणि अमेरिकेत २०१४पासून उपलब्ध होते, हे पाहता आपल्याकडे ते फार उशिरा आले.

स्वरूप कोणतेही असो, दक्षता तीच. टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ या जनुकांत बदल असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेनेही धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात; त्यांतला दुसरा बदल आपल्याकडे अधिक आढळतो, त्यामुळे ही तपासणी करून घेण्याचा आग्रह पालकांनी जरूर धरावा. युरिक ॲसिडसाठी दिले जाणारे ॲलोप्युरिनॉल सोबत असेल तर मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा पाव ते एकतृतीयांशावर आणावी लागते, कारण ज्या झँथिन ऑक्सिडेज विकराने (एन्झाइमने) हे औषध निष्प्रभ होते तेच विकर ॲलोप्युरिनॉल अडवते. हेच विकर दुधातही असते, म्हणून औषध दुधाबरोबर देऊ नका, असे पूर्वीपासून सांगितले जाते. अलीकडे मात्र जेवणाच्या नियमांपेक्षा रोज ठरल्या वेळी, न चुकता देण्यावर भर असतो, आणि तो मला योग्य वाटतो. कारण अमेरिकेतील अभ्यासांत ठरलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांपेक्षा कमी मात्रा घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. यकृताची आणि रक्ताची नियमित तपासणी तर अपरिहार्यच आहे.

गोळीवरून पातळ औषधावर जायचे असेल तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. पातळ औषधाने रक्तातील पातळी गोळीच्या मानाने अधिक उंच चढू शकते, त्यामुळे बदलानंतर काही काळ सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, अधिक वेळा करावी लागते.