तळ्यावरच्या बोटींचे नियम: वेळ, वेग, अंतर की इंजिन?

तळ्याकाठी राहणाऱ्यांची बोटींवरून सभा भरली की हमखास दोन तट पडतात. एका तटाला शांत पाणी हवं असतं, दुसऱ्याला सुट्टीच्या दिवशी मुलांना बोटीमागे दोर धरून पाण्यावरून घसरवायचं असतं. दोघांचंही म्हणणं रास्त आहे, कारण तळं दोघांचंही आहे. मतदानाला साधारण चार प्रस्ताव येतात: बोटींची वेळ ठरवा, वेग ठरवा, काठापासून अंतर ठरवा, किंवा पेट्रोलची इंजिनं सरसकट बंद करा. माझा कल अंतराकडे आहे. पण हात वर करण्याआधी प्रत्येक नियमाने काय सुटतं आणि काय तसंच राहतं, ते पाहून घ्या.

वेळेच्या नियमावर सगळ्यांत लवकर एकमत होतं. आवाजाचा त्रास असेल तर तो उपयोगीही आहे. संध्याकाळी आणि पहाटे पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत पोचतो. नेमक्या त्या वेळी इंजिनं बंद ठेवली तर पोहणारे, वल्हवणारे, गळ टाकून बसणारे सगळेच सुखावतात. बोटींच्या लाटांनी धुपणाऱ्या काठाच्या मातीला मात्र याचा फारसा फायदा नाही. दिवसभराच्या बोटी दुपारच्या चार तासांत कोंबल्या, तर लाटा तेवढ्याच राहतात आणि गर्दीमुळे टक्कर होण्याची भीती वाढते.

वेगमर्यादा ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यात एक मोठी अडचण आहे. बोट अगदी हळू चालते तेव्हा लाट जेमतेम उठते. पूर्ण वेगात ती पाण्यावर अलगद तरंगत जाते, तेव्हाही लाट तुलनेने लहान असते. सगळ्यांत मोठी लाट उठते ती मधल्या वेगाला, बोटीचं नाक वर आणि मागचा भाग पाण्यात खोल रुतलेला असतो तेव्हा. म्हणून ‘थोडं हळू चालवा’ एवढाच ठराव झाला, तर काठाचं नुकसान उलट वाढू शकतं. मर्यादा घालायचीच असेल तर ती लाटच उठणार नाही इतकी खाली हवी, म्हणजे ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या तळ्यावर, विंडरमियरवर, २००५ पासून १० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे १८.५ किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे वॉटर-स्कीइंग त्यामुळे संपलं. मोठ्या तळ्याचा आकडा उचलून आपल्या लहान तळ्यावर तसाच लावू नका.

आता अंतर. लाटेची उंची निम्मी झाली की तिची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते, आणि लाट जसजशी पुढे जाते तसतशी तिची उंची कमी होते. मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत असं दिसलं, की साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली यायला वेक-सर्फिंगच्या (बोटीने उठवलेल्या लाटेवर फळीवरून घसरण्याच्या खेळाच्या) बोटीच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. या बोटी मुद्दाम टाक्यांत पाणी भरून जड केलेल्या असतात, कारण मोठी लाट हाच त्यांचा खेळ आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याने २०२४ मध्ये वेक-सर्फिंगसाठी अटी घातल्या, त्यांतल्या मुख्य तीन: काठापासून ५०० फूट, किमान २० फूट खोली आणि या दोन्ही अटी पाळणारं सलग ५० एकर पाणी.

हे आपल्या तळ्यावर लावून पाहा. ५०० फूट म्हणजे सुमारे दीडशे मीटर. रुंदी ४०० मीटर असेल, तर दोन्ही काठांचे दीडदीडशे मीटर सोडल्यावर मधे १०० मीटरचा पट्टा उरतो. त्यात दोर ओढणारी एक बोट धड वळणारही नाही. रुंदी ३०० मीटरच्या आत असेल, तर वेक-सर्फिंगचा वाद संपलाच. साध्या बोटींसाठी काठापासून २०० फुटांचा (सुमारे ६० मीटरचा) पट्टा मात्र बहुतेक ठिकाणी सोडता येतो, आणि तिथे बोयांची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची) रांग लावली की नियम कोणी मोडला हे काठावरून सगळ्यांना दिसतं. शेजाऱ्याच्या बोटीचा वेग डोळ्यांनी अजमावून भांडण्यापेक्षा हे किती बरं! खोलीची अटही सोडू नका. उथळ पाण्यात बोटीचा पंखा तळाचा गाळ ढवळतो, गाळातला फॉस्फरस वर येतो आणि शेवाळाला खाद्य मिळतं.

इंजिनबंदीचं आकर्षण मी समजू शकते. जर्मनीतल्या क्योनिग्झे तळ्यावर १९०९ पासून प्रवासी बोटी विजेवर चालतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांतून पाव हिश्श्याच्या आसपास इंधन न जळताच पाण्यात जातं, आणि अमेरिकेतल्या लेक टाहो तळ्यावर त्यांच्यावर १९९९ पासून बंदी आहे. तळ्याचं पाणी पिण्यासाठी वापरात असेल, तर माझं मत डोळे झाकून याच बाजूला जाईल. पण लाट ठरते ती बोटीच्या वजनावर, आकारावर आणि वेगावर. जड बोट विजेवर चालली तरी काठावर तेवढीच आदळते.

बाहेरून येणाऱ्या बोटींचा ठराव वेगळा मांडा. झेब्रा शिंपल्यांची (नव्या तळ्यात शिरले की झपाट्याने पसरणाऱ्या उपद्रवी शिंपल्यांची) नजरेला न दिसणारी पिल्लं टाकीत उरलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. बोट धुणं, पाणी काढणं आणि पूर्ण वाळवणं यावर दोन्ही तटांचं सहज एकमत होईल.

मतदानाआधी दोराला वजन बांधून दर पन्नास मीटरवर खोली मोजा आणि तिचा नकाशा सभेत लावा. नियम पहिल्यांदा एका हंगामापुरताच करा. त्याआधी आणि त्यानंतर पाण्याचा नितळपणा मोजणारी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेकी तबकडी ठरावीक जागी पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवा. मोजायला दोन्ही तटांतला एकेक जण असू द्या, म्हणजे पुढच्या सभेत निदान आकड्यांवरून तरी वाद होणार नाही.